गरुडगाडीचा पट्टा आणि तुळाजी सनईवाल्याचे दात यांची कैफियत

श्री. विघ्ने टाळणारा जो गजवदन, तयास प्रथम नमन. वाणी देणारी जी शारदा, तीस दुसरे नमन. आणि चालत्या गाडीत माणसास जागेवर धरून ठेवणारी जी कोणी देवता असेल, तिचे नाव आम्हांस ठाऊक नाही, तरी तीस तिसरे नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, ते वर्षी आमचे राज्यात जे वर्तमान घडले ते हुजूरच्या आज्ञेवरून लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर शेजारचे राज्य हसेल, आणि तिकडेही हीच गाडी विकली गेली आहे हे त्यांस अजून कळावयाचे आहे.

राजधानीचे पूर्वेस नदी, नदीवर पूल, पुलाचे तोंडाशी दगडी कमान आणि कमानीवर महाराजांचे निशाण. थोरल्या महाराजांचे वेळेपासून दस्तूर असा की, जो कोणी कमानीखालून जाईल त्याने निशाणास मुजरा करावा. उजवा हात पार खाली न्यावा आणि कपाळी लावावा, ऐसे तीन वेळां. पायी असो की घोड्यावर, सावकार असो की भाजीवाली, कोणास सूट नाही. मग काळ बदलला आणि राज्यात मोटारगाड्या आल्या, तेव्हा गाडीत बसलेल्याने काय करावे यावर दरबारात मसलत पडली. प्रथम ठरले की गाडीतून उतरून मुजरा करावा. तेणेकरून पुलावर गाड्यांची अशी रांग लागली की गवळ्यांचे दूध उन्हात नासले आणि एका वऱ्हाडाचा मुहूर्त पुलावरच टळला. मग ठरले की बसल्या जागी मुजरा करावा. त्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी हाकणारांनीही दोन्ही हात सोडून मुजरे केले आणि दोन गाड्या नदीत गेल्या, सबब हाकणारास माफी दिली आणि बाकी सर्वांस दस्तूर कायम केला. आमचे कमरेस जुना विकार आहे, म्हणून आमचा मुजरा अर्ध्या वाटेवरच थांबतो, हे कमानीवरील चोपदारास ठाऊक आहे आणि तो दुसरीकडे पाहतो. ही गोष्ट पुढे कामास येणार आहे म्हणून लिहिली.

ते काळी त्र्यंबकराव रथगिरे म्हणून रथखान्याचे धनी होते. सात पिढ्या दरबारचे रथ करीत आले आणि रथ गेले तेव्हा मोटारी करू लागले. गृहस्थ मनाचे वाईट नव्हेत, परंतु स्तुती कानी आली की मान पुढे करीत आणि तक्रार आली की बहिरे होत. त्यांनी गरुडगाडी नावाची नवी गाडी काढिली. गाडी देखणी, आसने गुबगुबीत, आणि छातीवरून कमरेपर्यंत आडवा येणारा पट्टा असा की माणूस आसनास बांधून ठेवावा. पट्ट्याचे टोक दोन आसनांचे मध्ये खटक्यात बसे. आता असे की, आमचे सरदार लोकांचे बोटांत अंगठ्या फार. इतर राज्यांत खटक्याचे बटण खाचेत दडविलेले असते, तेथे सरदारांचे बोट शिरेना. म्हणोन त्र्यंबकरावांनी बटण वर काढिले, बत्ताशाएवढे रुंद केले, तांबडे रंगविले आणि असे हलके ठेविले की फुंकर मारणे तेवढे बाकी राहिले. मग शहरभर दवंडी पिटविली की गरुडगाडीचे पट्ट्यास बोट लावण्याचे श्रम नकोत, नुसते कोपर टेकले तरी मोकळे व्हाल. लोकांनी ती दवंडी आनंदाने ऐकिली. आम्हीही ऐकिली आणि वाहवा म्हटले, कारण पानसुपारी मिळाली होती.

नवी गाडी विकण्यापूर्वी तीत माणूस बसवून भिंतीवर आदळून पाहावी लागते, ऐसा सरकारी कायदा. आणि आमचे राज्यातील दुसरा दस्तूर ऐसा की, नव्या गाडीत पहिला बसेल तो मानकरीच असावा, नाहीतर गाडीस अवकळा येते. तेव्हा त्र्यंबकरावांनी सर्व मानकऱ्यांस निमंत्रणे धाडिली. गाडीत बसावयास सर्व तयार, परंतु पुढे भिंत आहे हे कळताच एकाचे पोट दुखों लागले, दुसरा काशीस निघाला, तिसऱ्याने सांगोन पाठविले की आपण मानकरी नव्हेच, ती आपल्या चुलत्यांची गादी. बहुत पेच पडला. मग सुताराकडून माणसाएवढा लाकडी बाहुला करविला, त्यास जरीचा अंगरखा आणि पागोटे घातिले, दरबारात अर्ज करून त्यास मानकरीपण मिळविले आणि त्याचे नाव लाकडोजीराव ठेविले. कोपरांस सांधे ठेवावे की कसे, हे सुताराने विचारिले होते. त्यास उत्तर मिळाले की मानकऱ्यास कोपरांचे काम काय पडते, हात सरळ मांडीवर ठेवा, रुबाब दिसेल. मग लाकडोजीराव गाडीत बसले, रथखान्यातील सर्व कारागिरांनी त्यांस मुजरे केले आणि गाडी भिंतीवर आदळली. पट्टा सुटला नाही. लाकडोजीराव जागचे हलले नाहीत, पागोटेही हलले नाही. त्र्यंबकरावांचे डोळ्यांत पाणी आले. त्यांनी लाकडोजीरावांस शेला दिला, गाडीस सरकारी शिक्का मिळाला आणि वर्षाचे आत राजधानीत जिकडे पाहावे तिकडे गरुडगाडी दिसों लागली.

आता या सर्व मजकुरात एक गोष्ट कोणाचेच ध्यानी आली नाही. हाकणाराचे डावे बाजूस जो बसे, त्याचा खटका त्याचे उजवे हातास येई. आणि तो कमानीखाली मुजरा करी तोही उजवे हाताने. हात खाली गेला की कोपर मागे आणि खाली जाई, कोपर बत्ताशावर टेके आणि पट्टा सुटून पडे. पहिले दिवशी असे झाले तेव्हा जाडा मनुष्य समजला की आपले पोट सुटले, बारीक मनुष्य समजला की आपल्या अंगावर पट्टा ठरत नाही, आणि म्हातारी माणसे समजली की आपणच लावावयास विसरलो. कोणी कोणास बोलिले नाही. मग महिना दोन महिने लोटले आणि सर्वांचे सुटते हे पाहून लोकांस वाटले की हा मुजऱ्याचाच भाग असेल. निशाणापुढे कंबर मोकळी करावी, ही नवी अदब असेल. आया पोरांस शिकवू लागल्या की कमान आली, मुजरा कर, पट्टा सुटेल, मग कमान गेली की पुन्हा लाव. एका शास्त्रीबुवांनी तर त्याचा अर्थही सांगितला की बंधन सुटणे हे शुभ होय. एकट्या आमचाच पट्टा कधी सुटला नाही, कारण कमरेचा विकार, आणि लोक आम्हांस म्हणत की तुमची निष्ठा कमी दिसते.

त्याच कमानीचे सावलीत एक म्हैस उभी राहत असे. म्हैस पुलापलीकडील गवळ्याची. तिला निशाणाविषयी काही आदर नव्हता, परंतु सावलीविषयी होता. ऐशा स्थितीत मार्गशीर्ष मासी तुळाजी घडशी सनईवाला परगावचे लग्न वाजवून गरुडगाडीतून परत येत होता. हा तुळाजी कोण म्हणाल तर राजधानीत ज्याचे सनईवाचून लागलेले लग्न लोक अर्धेच मानीत, तो. फुंकर अशी की वऱ्हाडी जेवण सोडून मांडवात येत. त्याची एकुलती एक लेक भिवरा. तिचे लग्न पुढील वैशाखात ठरले होते. दुसऱ्यांच्या लेकी आयुष्यभर वाजवून सासरी धाडिल्या, आता आपली आपणच वाजवून धाडीन, ऐसा त्याचा मनीचा हेत होता आणि तो जो भेटेल त्यास सांगे. असो. गाडी कमानीखाली आली, तुळाजीने निशाणास मुजरा केला, पट्टा सुटला, आणि म्हैस सावली सोडून उन्हात यावयास त्याच क्षणी निघाली. सिदोजी हाकणाराने गाडी करकचून थांबविली. म्हशीस काही लागले नाही. सिदोजीस काही लागले नाही. तुळाजी मात्र समोरचे फळीवर तोंडघशी गेला आणि पुढले दोन दात जागीच पडले, ओठ फाटला. सनई पाठीमागल्या आसनावर मखमलीचे पिशवीत होती, ती शाबूत राहिली, आणि हेच त्यास पुढे अधिक लागले. वैद्याने ओठ शिवला. मग बरे वाटल्यावर तुळाजीने सनई तोंडास लाविली तो सूर निघेना, वारा निघाला. भिवरा चुलीपाशी बसली होती, ती पाठमोरीच राहिली. बापाचे तोंडाकडे पाहण्याचा तिला धीर झाला नाही.

हे वर्तमान त्र्यंबकरावांस कळले. त्यांनी तुळाजीस वाड्यावर बोलावून आपल्याशेजारी बसविले, केशरी दूध पाजले आणि म्हणाले की दात सोन्याचे करून देतो, सनईस चांदीच्या कड्या बसवून देतो, परंतु पट्ट्याची गोष्ट तू कोठे बोलू नये, लोक उगाच बिथरतात. तुळाजी गरीब, ऐसी देणगी त्याने स्वप्नी पाहिली नव्हती. दूध त्याने पिऊन घेतले. मग भांडे खाली ठेविले आणि बोलिला,

“रावसाहेब, दात तुम्ही द्याल, मी बसवून बी घेईन. पर भिवराच्या सासरच्यांनी हीच गाडी घेतलीया. माझी पोर त्याच गाडीत बसून त्याच कमानीखालनं सासरला जाणार हाय. तिला काय सांगू मी? निशाणाला वाकू नको म्हनू?”

त्र्यंबकराव यावर बहिरे झाले. तुळाजी उठोन आला आणि नीट अंबूताई वकिलीणबाईंकडे गेला. या अंबूताई अंगाने भरलेल्या, बोलण्यात चोख आणि रोज गरुडगाडीतून न्यायसभेत येणाऱ्या. तुळाजीची कैफियत ऐकता ऐकता त्यांनी लेखणी खाली ठेविली, कारण त्यांचाही पट्टा रोज कमानीखाली सुटे आणि त्या वर्षभर रात्रीचा भात सोडून बसल्या होत्या. मग त्यांनी गाडी दारात आणविली, तीत बसल्या, पट्टा लाविला, भिंतीस मुजरा केला आणि खाली उतरल्या त्या अशा रागाने की त्याच दिवशी दावा दाखल केला. भातही त्याच दिवशी पुन्हा सुरू केला ऐसे त्यांच्या स्वयंपाकिणीने सांगितले.

दावा न्यायाधीश काशीपंतांपुढे चालला. दाव्यात मागणे एवढेच की, खटका मुळातच चुकीचा घडविला, सबब तो राज्यातील सर्व गाड्यांचा बदलून द्यावा, आणि तुळाजीचे झाले नुकसान भरून द्यावे. रथखान्याचे तर्फेने नारोपंत वकील उभे राहिले. नारोपंत बोलू लागले म्हणजे समोरचा माणूस आपलीच चूक शोधू लागे, ऐसी त्यांची ख्याती. प्रथम ते म्हणाले की तुळाजीने पट्टा लावलाच नव्हता. त्यास सिदोजी हाकणाराने शपथेवर सांगितले की लावला होता, कारण लाविताना तुळाजीने पट्टा ताणून त्यावर ताल धरिला होता आणि त्याचा आपणास त्रास झाला होता. मग नारोपंत म्हणाले की पट्टा लावला असेल तर सुटणे शक्य नाही, त्यास साक्षीदार खुद्द लाकडोजीराव. मग लाकडोजीरावांस पालखीतून सभेत आणिले आणि तेथे निराळाच वाद उपस्थित झाला की साक्षीदारास पिंजऱ्यात उभे करावे की मानकरी म्हणोन गादीवर बसवावे. कायदा पाहिला, दस्तूर पाहिला आणि दोन प्रहर त्यातच गेले. अखेर गादीवर बसविले आणि गादीच पिंजऱ्यात ठेविली. नारोपंतांनी त्यांस विचारिले की भिंतीवर आदळलात तेव्हा पट्टा सुटला काय. लाकडोजीराव काही बोलिले नाहीत. नारोपंत म्हणाले की साक्षीदार नाही म्हणत आहे ऐसे लिहून घ्यावे.

मग अंबूताई उठल्या. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारिली, लाकडोजीरावांचे मांडीवरील ताठ हात पाहिले आणि शांतपणे विचारिले,

“नारोपंत, हे आपले सरदार कमानीखालून जाताना मुजरा करतात का हो?”

“ते मानकरी आहेत,” नारोपंत म्हणाले. “शिवाय लाकडाचे आहेत.”

“म्हणजे सगळ्या राज्यात जो एकटाच वाकत नाही, त्याच्यावर तुम्ही पट्टा तपासलात.”

सभेत मागून कोणी हसले, तेव्हा सर्वच हसले. खुद्द काशीपंतांनी उपरणे तोंडास लाविले. प्रत्येकास आपापला पट्टा आठवला आणि प्रत्येकास कळले की चूक आपले पोटाची नव्हती, आपले विसराळूपणाचीही नव्हती. आम्ही मात्र सर्वांकडे मान वर करून पाहिले, कारण आमची निष्ठा आता कोणी काढू शकत नव्हते.

नारोपंत कच्चे नव्हते. ते म्हणाले की खटका चांगला, पट्टा चांगला. तुळाजीने चालत्या गाडीत मुजरा केलाच नसता तर, आणि येथे थबकले. दारात चोपदार उभा होता, तो एक पाऊल पुढे आला. निशाणास मुजरा करू नये ऐसे भरसभेत बोलणे म्हणजे काय, हे नारोपंतांचे ध्यानी आले आणि त्यांचे कपाळास घाम फुटला. घाम पुसोन ते म्हणाले की आपले म्हणणे ऐसे नव्हे. मुजरा अवश्य करावा, परंतु तुळाजी प्रमाणाबाहेर वाकला. मग मुजऱ्यात किती वाकणे योग्य यावर दोन्ही बाजूंनी भाषणे झाली, सभेतील लोक उभे राहून वाकून दाखवू लागले, आणि एका वृद्ध कारकुनास वाकल्यावर वर येता येईना तेव्हा काशीपंतांनी सर्वांस बसविले. त्यांनी निर्णय दिला की राजनिष्ठेस वरची हद्द नाही, सबब प्रमाणाबाहेर हा शब्द या सभेत पुन्हा उच्चारू नये.

तेव्हा नारोपंतांनी शेवटचा डाव टाकिला. म्हणाले की खुद्द त्र्यंबकराव चौकात सर्वांदेखत आपल्या गाडीत बसतील, पट्टा लावतील आणि निशाणास तीन मुजरे करतील. पट्टा सुटला तर दावा कबूल, न सुटला तर दावा रद्द. अंबूताईंस संशय आला, परंतु लोकांपुढे नाही म्हणता येईना आणि तुळाजीकडे पाहता तोही होकाराची मान हलवून बसला. खरे पाहता त्र्यंबकरावांनी घरी आरशापुढे बसून नवा मुजरा बसविला होता. कोपर बरगडीस घट्ट लावावे आणि मनगटच तेवढे खाली वर करावे, काखेत गळू झालेला मनुष्य पाणी पितो तैसे. नेमिले दिवशी चौकात गाडी उभी केली, समोर निशाण लाविले आणि सगळे शहर लोटले. लाकडोजीरावांसही साक्षीदार म्हणून एका बाजूस बसविले. त्र्यंबकराव हाकणाराचे डावे बाजूस बसले, पट्टा लाविला, खटका टक् करोन वाजला. मग त्यांनी तीन मुजरे केले. कोपर बरगडी सोडीना. एक झाला, दोन झाले, तीन झाले, आणि पट्टा सुटला नाही. नारोपंतांनी आनंदाने हात उंचावले. रथखान्याचे लोकांनी ताशे वाजविले. भिवराने तुळाजीचा खांदा धरिला. मुहूर्त महिन्यावर आला होता आणि गाडी तीच, कमान तीच. अंबूताई कागद गुंडाळू लागल्या, हे आम्ही प्रथमच पाहिले.

इतक्यात असे झाले की लाकडाचा मानकरी साक्षीस बसतो ही वार्ता महाराजांचे कानी गेली होती. महाराज वयाने तरुण, त्यांस मौज वाटली आणि वर्दी न देताच स्वारी चौकात आली. चोपदाराने पाहिले मात्र आणि ललकारी दिली, अदब, निगाह रखो. ती ललकारी कानी पडताच चौकातील लहानथोर सर्व जागचे जागी लवले. न्यायाधीश लवले, वकील लवले, ताशेवाले ताशांवर लवले. आम्हीही आमच्या बेताने लवलो. आणि त्र्यंबकराव रथगिरे, ज्यांचे घराण्यात सात पिढ्या दरबारी मुजरा चालत आला, त्यांस या समयी आरसा आठवला नाही, गळू आठवले नाही; उजवा हात मोकळा सोडिला तो थेट पायांपर्यंत, जैसा बापाने शिकविला तैसा. आणि त्या शांततेत सर्व चौकाने टक् ऐसा आवाज ऐकिला.

नारोपंत वर आले ते बोलतच आले. म्हणाले की आवाज कशाचाही असेल, पट्टा सुटताना कोणी पाहिला काय, सर्वांच्या माना तर खाली होत्या. हे खरे होते. त्या क्षणी चौकात मान वर असलेले दोनच, आणि त्यांतील एक लाकडोजीराव. काशीपंतांनी लाकडोजीरावांकडे पाहिले, उसासा टाकिला, आणि मग दुसरीकडे पाहण्याचे धाडस त्यांस होईना. तेव्हा महाराज आपणहून म्हणाले,

“आम्ही पाहिले.”

राजाची उलटतपासणी कोणत्या कायद्यात नाही. तरी नारोपंतांनी तोंड उघडिलेच होते, तो त्र्यंबकराव गाडीतून उतरले. सुटलेला पट्टा त्यांचे खांद्यावर तैसाच लोंबत होता. त्यांनी नारोपंतांचे हातास धरिले आणि म्हणाले, “पंत, आता पुरे. कोपर माझे, आणि खटकाही माझाच.” आम्ही या गृहस्थावर पुष्कळ हसलो, या लेखातही हसलो आहोत, परंतु त्या वेळी त्यांचेविषयी आमचे मनात आदर उपजला, तोही लिहिला पाहिजे.

मग काशीपंतांनी निकाल सांगितला. खटका चुकीचा घडविला. जो माल माणसाचे रोजचे वागण्यात मोडतो तो माल सदोष, आणि माणसाने वागणे बदलावे ऐसे म्हणणे हा बचाव नव्हे. सर्व गाड्या माघारी बोलवाव्या, बटण खाचेत बसवावे, सरदारांनी वाटल्यास अंगठ्या काढाव्या. तुळाजीस दात रथखान्याने करून द्यावे आणि फुंकर बसेतो त्याचा संसार चालवावा. लाकडोजीरावांविषयी पेच होता, कारण मानकऱ्यास पदावरून काढण्याचा दस्तूर नाही. सबब त्यांस पदावर ठेवोन फक्त कोपरे बसवावी आणि येथून पुढे तपासणीत त्यांनी मुजरे करीत भिंतीवर आदळावे, ऐसे ठरले. हल्ली लाकडोजीराव दोरी ओढताच शिपायापासून झाडूवालीपर्यंत सर्वांस मुजरा करितात आणि त्यांचा स्वभाव सुधारला ऐसे रथखान्यात म्हणतात. निकाल सांगून काशीपंतांनी तुळाजीस विचारिले की आणखी काही मागणे आहे काय. तुळाजी म्हणाला की गाड्या पुष्कळ आहेत, खटके बदलता वर्ष जाईल, तेव्हा पहिला खटका भिवराच्या सासरच्या गाडीचा बदलावा, एवढीच विनंती. त्यावर त्र्यंबकरावांनी तो खटका आपण स्वतः बसविला.

वैशाखात लग्न झाले. तुळाजीचे नवे दात सोन्याचे नव्हते, साधेच होते, आणि बसून पुरा महिनाही झाला नव्हता. त्याने मांडवात सनई लाविली तेव्हा वरचे सुरात वारा मिसळे आणि एकदा सूर निसटलाही. जाणकार होते त्यांस ते कळले आणि त्यांनी माना तैशाच डोलाविल्या. मग पाठवणीची वेळ आली. भिवराची ओटी भरली, ओटीत नारळ घातिला, आणि ती गाडीत पुढे बसली. सासरच्या चालीप्रमाणे नवी सून पुढे बसे, म्हणजे गावास दिसावी. तिने पट्टा लाविला. मग काच खाली करून बापास म्हणाली, “आबा, सनई थांबवू नगा. पुलापातुर माझ्या कानावर आली पायजे.” तुळाजीने मान हलविली आणि वाजवीत वाजवीत गाडीचे मागे वेशीपर्यंत आला. तेथून कमान दिसते. सगळे वऱ्हाड तेथे थांबले. गाडी पुढे गेली, कमानीखाली शिरली, आणि पाठीमागून दिसले की भिवरा निशाणास लवली; आणि नवी सून म्हणोन इतर माणसे लवतात त्याहून खाली लवली. एक मुजरा झाला. दुसरा झाला. येथे तुळाजीची सनई थांबली. त्यास वाजवीत राहावयाचे होते, परंतु फुंकर छातीतून वर येईना. तिसरा मुजरा झाला आणि ज्या म्हशीचे वर्तमान आम्ही वर लिहून ठेविले आहे, ती म्हैस, जिला न्यायसभेचा निकाल कोणी कळविला नव्हता, सावलीतून उठोन आडवी आली.

गाडी करकचून थांबली. ओटीतला नारळ उडाला तो समोरचे फळीवर आपटून फुटला आणि पाणी काचेवर उडाले, हे वेशीवरून दिसले नाही, मागाहून सिदोजीने सांगितले, कारण गाडी तोच हाकीत होता. वेशीवरून दिसले ते इतकेच की भिवराची मान पुढे गेली, पट्ट्याने तीस धरिले आणि ती माघारी आसनावर आली. मग तिने खिडकीतून हात बाहेर काढिला. म्हैस निघून गेली. गाडी निघाली. तुळाजीने ओठ पुसले, सनई तोंडास लाविली आणि जेथे सूर सोडिला होता तेथूनच धरिला. वारा येत होता तैसाच येत होता. गाडी पुलापलीकडे दिसेनाशी होईतो तो वाजवीत राहिला.

एवंच हकीकत इतकी की, राज्याची रीत राहिली, खटका खाचेत गेला, लाकडास कोपर फुटले आणि तुळाजीची भिवरा सुखरूप सासरी पोहोचली. म्हशीवर कोणी दावा लाविला नाही. लिहिणाराची कंबर दुखू लागली आहे, सबब लेखणी ठेवितो. वाचणारांनी गाडीत बसल्यावर एकदा आपले कोपर कोठे जाते ते पाहावे, ही विनंती.